दिवा काढायचा तर अंधार रंगवा

हाताने घडवायच्या दिव्यांची संकल्पचित्रं चाळायला घेतली की एक गोष्ट लगेच खटकते: त्यातल्या बहुतेकांत दिवा लागलेलाच नसतो. बैठकीच्या लाकडाचे रेषे झकास काढलेले असतात, शेडचा उतार डौलदार असतो, डाव्या कोपऱ्यातून ऊन आल्यासारखी उजव्या अंगाला छटा दिलेली असते आणि खाली टेबलावर नेटकी सावलीही असते. हेच चित्र फुलदाणीचं म्हणूनही खपून जाईल. दिव्याला मात्र दोन रूपं असतात, एक दिवसाचं आणि एक रात्रीचं, आणि माणूस पैसे मोजतो ते दुसऱ्यासाठी. चित्रकलेच्या वर्गात शिकवलेली छायाप्रकाशाची रीत पहिल्या रूपाला लागू पडते, दुसऱ्याला पडत नाही. तिथे उजेड बाहेरून वस्तूवर येत नाही, वस्तूतूनच बाहेर पडतो. दिव्याची कल्पना कागदावर खरोखर तपासायची असेल तर तो लागलेला आणि अंधाऱ्या खोलीत ठेवलेला काढायला हवा, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी मार्कर हे साधन फार कामाचं आहे. कामाचं आहे ते त्याला उजेड काढताच येत नाही म्हणून.

मार्कर तसा नवखाच. काचेच्या बुटक्या बाटलीला लोकरी नमद्याचं टोक लावून सिडनी रोझेंथल यांनी ‘मॅजिक मार्कर’ 1953मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणला, आणि बारीक रेघ ओढणारा तंतूच्या टोकाचा पेन जपानमध्ये युकिओ होरिए यांनी 1962मध्ये तयार केला. मोटारी, रेडिओ, फर्निचर यांची चित्रं काढणाऱ्या स्टुडिओंनी हे साधन चटकन उचललं, कारण शाई काही सेकंदांत वाळते आणि जलरंगासारखा कागद फुगत नाही. आज या कामाला वापरतात ते बहुतेक मार्कर अल्कोहोलच्या शाईचे असतात. या शाईचा एक गुणधर्म पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहे: ती पारदर्शक असते. पिवळ्यावर निळा फिरवला तर निळा दिसत नाही, हिरवा दिसतो. आणि गडद राखाडीवर फिकट राखाडी फिरवली तर काहीच होत नाही. प्रत्येक हात कागदाकडून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडातला थोडा हिस्सा गिळतो, परत काही देत नाही. तैलरंगात काळ्यावर पांढरा ठिपका ठेवून ज्योत पेटवता येते, मार्करमध्ये जिथे ज्योत हवी ती जागा पहिल्यापासून कोरी ठेवावी लागते. म्हणजे चित्र सुरू करण्याआधीच उजेड कुठे असणार हे ठरलेलं असावं लागतं, आणि दिव्याच्या बाबतीत हाच तर सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

पारदर्शक माध्यमात दिवा किती प्रत्ययकारी उतरू शकतो याचा दाखला महाराष्ट्राला घरचाच आहे. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजून बघतात, पण ते हळदणकरांचं आहे आणि तेही जलरंगातलं. ज्योतीपुढे धरलेल्या पंजाच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो, चेहरा आणि पदर उजळतात, बाकी सारं हळूहळू काळोखात विरत जातं. चित्राचा बराच भाग अंधाराचा आहे आणि दिव्याचं तेज त्या अंधारानेच तोलून धरलं आहे. अल्ब्रेख्ट ड्यूररने 1508मध्ये काढलेले, आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात असलेले जोडलेले हात दुसरी युक्ती दाखवतात. कागद निळा, गडद छटा ब्रशने, आणि सगळ्यात उजळ जागी पांढऱ्याच्या बारीक रेघा. मधली सगळी छटा कागदच पुरवतो. मार्करवाले डिझायनर राखाडी किंवा खाकी कागदावर काम करतात तेव्हा हीच जुनी काटकसर करत असतात.

अंधार एवढा का लागतो? पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण 85 टक्के परत पाठवतो आणि काळ्या मार्करचा भरीव पट्टा सुमारे 5 टक्के. म्हणजे कागदावरच्या सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागेत फरक पंधरा-वीस पटींचा. प्रत्यक्ष खोलीत बल्ब आणि कपाटामागचा कोपरा यांच्यातला फरक हजारो पटींचा असतो. ही दरी कुठल्याही महागड्या मार्करने भरून निघत नाही. पण डोळा उजेड मोजत नाही, शेजारच्याशी ताडून बघतो. कोऱ्या कागदाच्या मधोमध पिवळी शेड काढली तर ती पिवळा रंग दिलेली वस्तू दिसते. तीच शेड भोवती गडद तपकिरी राखाडी भरली की लागलेली वाटू लागते, शेडवर एक थेंब शाई न वाढवता. म्हणून काम पार्श्वभूमीपासून सुरू करणं बरं. शेडचा रंग आधी देऊन मग भोवतीचा अंधार भरणारा माणूस बहुधा शेड जास्त गडद करून बसतो, आणि मार्करमध्ये मागे फिरायला वाट नसते.

आता एक साधा नमुना घेऊ: हातकागदाची, दंडगोल आकाराची, 20 सेंटिमीटर व्यासाची शेड आणि तिच्या मध्यरेषेवर बल्ब. न लागलेला दंडगोल काढताना आपण एका कडेला छटा देतो, गोलाई दिसते. दिवा लागल्यावर ही छटा साफ चूक ठरते. बल्ब मधोमध असल्यामुळे एकाच उंचीवरच्या सगळ्या बाजू त्याच्यापासून सारख्याच, 10 सेंटिमीटर अंतरावर असतात. कागद उजेड चहूकडे सारखा पसरवतो. त्यामुळे मध्यभाग आणि कडा जवळपास सारख्याच उजळ दिसतात. लागलेली दंडगोल शेड सपाट दिसते ती याच कारणाने. गोलाई सांगायला उरतात फक्त वरच्या आणि खालच्या तोंडांचे लंबगोल, आणि कडेला दाटीने आलेले कागदाचे धागे. टेबलावरच्या दिव्याकडे वरून बघत असू तर खालचा लंबगोल वरच्यापेक्षा थोडा जास्त भरलेला हवा, कारण तो नजरेच्या पातळीपासून जास्त दूर असतो. त्याची दोन्ही टोकं वळणदार हवीत, भुईमुगाच्या शेंगेसारखी निमुळती नकोत. उजेड बदलतो तो आडवा नव्हे, उभा. बल्बच्या नेमक्या समोर कागदावर पडणारा उजेड 100 धरला, तर 10 सेंटिमीटर वर तो सुमारे 35 भरतो आणि 20 सेंटिमीटर वर जेमतेम 9. अंतर वाढतं आणि उजेड तिरका पडू लागतो, असा दुहेरी तोटा होतो. दुधी बल्ब आणि आतल्या बाजूने उलटसुलट परावर्तित होणारा उजेड हा उतार बराच सौम्य करतात, तरी मधला पट्टा आणि टोकं यांतला फरक डोळ्यांना कळतोच. हे आकडे हाताशी ठेवून मार्कर फिरवणाऱ्याला एक निर्णय टाळताच येत नाही: बल्ब किती उंचीवर? कारण कोरा पट्टा तिथेच सोडायचा असतो. न लागलेल्या दिव्याचं चित्र हा प्रश्न कधीच विचारत नाही.

हाच प्रश्न छेदाच्या आकृतीत अधिक काटेकोर होतो. दिवा मधोमध उभा कापला असं मानून आकृती काढायची, बल्बच्या जागी ठिपका द्यायचा आणि तिथून शेडच्या खालच्या काठाला चाटून जाणारी सरळ रेघ टेबलापर्यंत न्यायची. खालचा काठ टेबलापासून 40 सेंटिमीटरवर आणि बल्ब त्या काठाच्या 8 सेंटिमीटर वर असेल, तर टेबलावर पडणाऱ्या थेट उजेडाच्या वर्तुळाची त्रिज्या 60 सेंटिमीटर होते. बल्ब आणखी 8 सेंटिमीटर वर सरकवला की ती 35वर येते. वाचायचा दिवा आणि कोपऱ्यात शोभेला ठेवायचा दिवा यांतला फरक अशा एका पट्टीच्या रेघेत मावतो. तशीच रेघ वरच्या काठावरून काढली की उभ्या माणसाच्या डोळ्यांत बल्ब खुपेल की नाही तेही कळतं. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसन यांनी हीच पद्धत टोकाला नेली. विजेच्या उघड्या बल्बचा झगझगाट त्यांना असह्य होता. 1925च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी लुई पाउलसन कंपनीबरोबर दिवे केले आणि त्यातूनच 1926च्या सुमारास एकाखाली एक तीन शेडांचा त्यांचा प्रसिद्ध दिवा आला. त्या शेडांची वळणं एका विशिष्ट सर्पिल वक्रावरून घेतलेली आहेत. बल्ब त्या वक्राच्या केंद्रात ठेवला की प्रत्येक किरण शेडला सारख्याच कोनात भेटतो. आज त्या दिव्याचा आकार देखणा म्हणून वाखाणला जातो, पण तो किरणांच्या रेघांतून निघालेला आहे. शेड कशी दिसावी हे त्यांनी ठरवलं ते उजेड कुठे जावा हे ठरवल्यावर.

हस्तनिर्मित दिव्यासाठी मार्करचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेडचा कागद आणि मार्करचा थर दोघेही एकाच जातीचं काम करतात: आरपार जाऊ पाहणाऱ्या उजेडातला हिस्सा अडवतात. समजा, कागदाचा एक पदर 60 टक्के उजेड पुढे जाऊ देतो. दोन पदरांतून 36 टक्क्यांच्या आसपास जाईल, तिनांतून 22च्या. (कागद उजेड मागेपुढे उसळवतो, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण कल इकडेच राहतो.) मार्करचा तोच रंग वाळल्यावर त्याच जागी पुन्हा फिरवला की छटा अशीच एक पायरी उतरते. त्यामुळे शेडला जिथे जोड येणार, जिथे खळ लावून एक सेंटिमीटर कागदावर कागद चिकटणार, तिथे चित्रातही तोच मार्कर दुसऱ्यांदा ओढायचा. दिवसा न दिसणारा तो जोड रात्री गडद पट्टी होऊन समोर येतो. आकाशकंदील घरी केलेल्या कोणालाही हे नवं नाही: पतंगी कागदाआड दिवसा दडलेल्या बांबूच्या कामट्या दिवा लागला की काळ्या रेघा होऊन उमटतात, आणि खळीचे ओघळ डागांसारखे दिसतात. पारंपरिक कंदील शोभतो कारण त्याच्या कामट्या चौकोन-त्रिकोणांच्या कडांवरच बसवलेल्या असतात. त्या रेघाच त्याची नक्षी होतात. नवीन शेड आखताना हे भान आपोआप येत नाही, ते चित्रातून आणावं लागतं. मागे आधाराची तार कुठे, जोड पुढे की भिंतीकडे, दुहेरी कागदाची पानं कापून लावली तर किती गडद दिसतील, या सगळ्याला मार्करचे दोन-तीन हात पुरेसं उत्तर देतात.

प्रत्यक्ष कामाची रीत फार लांबवण्यात अर्थ नाही. अंगठ्याएवढी दहा-वीस कच्ची रेखाटनं, त्यातून निवडलेल्या एकाचा छेद, आणि मग एकाच बाह्यरेषेवरून दोन चित्रं, दिवसाचं आणि रात्रीचं, असा क्रम सोयीचा. रात्रीच्या चित्रासाठी चार राखाडी छटा पुरतात. लाकूड, कागद, पितळ यांना उबदार राखाडी, काच आणि पत्र्याला थंड. मार्करच्या छिन्नीसारख्या तिरक्या टोकाने पट्टे भराभर आणि एकाच दिशेने ओढायचे, आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच दुसरा लावायचा, नाहीतर जिथे ते एकमेकांवर चढतात तिथे रेघ पडते. बल्बसमोरचा भाग कोरा, त्याला लागून फिकट पिवळा, मग मधाचा रंग, टोकांना तपकिरी. बैठक सगळ्यात उजळ कुठे हे छेदातल्या रेघा सांगतात. अखेरीस पांढरी पेन्सिल किंवा पांढऱ्या पोस्टर कलरचा एखादा ठिपका: पितळी रिंगेवर, वायरच्या वळणावर. ठिपके पाचाच्या वर गेले की समजावं, कोरी जागा राखण्यात कुठेतरी चुकलं.

यावर पहिला आक्षेप कारागिरांच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी कंदिलांची रास लागते ती कोणी मार्करने चित्रं काढल्यामुळे नव्हे. हात, कामटी आणि कागद यांतूनच आकार येतो. इसामू नोगुचींचं उदाहरणही याच बाजूला जाईल. 1951 साली हा शिल्पकार जपानमधल्या गिफू शहरात गेला, तिथला कंदिलांचा जुना धंदा पाहिला आणि ‘अकारी’ दिव्यांची मालिका सुरू केली. सुट्या तुकड्यांच्या लाकडी साच्याभोवती बांबूची बारीक पट्टी गुंडाळायची, त्यावर तुतीच्या सालीचा कागद चिकटवायचा, वाळल्यावर साचा आतून सुटा करून काढून घ्यायचा. या कामात कागदाचा ताण, खळीचं आकसणं, पट्ट्यांमधलं अंतर असं बरंच काही आहे जे कोणत्याच चित्रात उतरत नाही. हे मान्यच करायला हवं. पण याच उदाहरणाकडे दुसऱ्या बाजूने बघा. गिफूच्या कारागिरापाशी साचा आहे, कंदील गल्लीतल्या माणसापाशी पिढ्यांनी घासूनपुसून पक्का केलेला आकार आहे. उजेड कुठे पडेल, कामटी कुठे दिसेल याचे निर्णय त्या साच्यात आणि त्या आकारात आधीच घेऊन ठेवलेले आहेत. ज्याच्यापाशी असा वारसा आहे त्याला चित्राची गरज कमी. जो आजवर नसलेली शेड करायला निघाला आहे त्याला मात्र ते निर्णय स्वतःच घ्यावे लागणार, आणि चार कागद वाया घालवणं हे बांबू तासून, खळ शिजवून, कागद चिकटवून ते वाया घालवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरा आक्षेप संगणकाचा. आजचं सॉफ्टवेअर उजेडाचा हिशेब माणसापेक्षा अचूक करतं, मग हाताने राखाडी पट्टे ओढण्यात काय हशील? काही बाबतींत खरंच नाही. भोकांची नक्षी असलेला पत्र्याचा किंवा दुधीभोपळ्याच्या कवचाचा दिवा असेल, तर भिंतीवर पडणारी सावल्यांची जाळी मार्करने अदमासे काढणं व्यर्थ आहे. तिथे संगणक घ्यावा, किंवा सरळ पुठ्ठ्याला भोकं पाडून आत बल्ब धरावा. पण सॉफ्टवेअर हिशेब करतं ते दिलेल्या माहितीवर, आणि हाती बनवलेल्या कागदाची जाडी ताव बदलला की बदलते, एकाच तावात इथे आणि तिथेही बदलते. त्याच्यातून किती टक्के उजेड जातो हा आकडा कोणाकडे असणार? रकान्यात काहीतरी भरावं लागतं, आणि मग पडद्यावर फोटोसारखं चित्र येतं, ज्याच्यावर गिऱ्हाईकच काय, करणाराही विश्वास ठेवून बसतो. मार्करचं चित्र आपला अंदाज लपवत नाही. शिवाय पहिल्या तासात पर्याय वीस असतात आणि त्यातले अठरा टाकून द्यायचे असतात. त्यासाठी प्रत्येकाचं त्रिमिती मॉडेल कोण करत बसणार?

तिसरा आक्षेप खुद्द मार्करवर आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त पटतो: देखणं रेंडरिंग फसवतं. गडद पार्श्वभूमी, मधोमध सोनेरी शेड, भोवती विरत जाणारं तेजोवलय एवढं केलं की कुठलाही सुमार आकार मोहक दिसतो. त्यातलं तेजोवलय तर बहुतेक वेळा सरळ खोटं असतं. स्वच्छ हवेत दिव्याभोवतीची हवा चमकत नाही. वलय दिसतं ते धूळ, धुकं असेल तर, किंवा फार प्रखर बल्बकडे बघताना डोळ्यांतच उजेड पसरल्यामुळे. म्हणजे चित्रात मोठं वलय काढणारा नकळत कबुली देत असतो की त्याचा दिवा डोळे दिपवणारा आहे. यावर उपाय एकच, छेदाची आकृती आधी आणि रंगीत चित्र तिच्या हुकमात. टेबलावरचं उजेडाचं वर्तुळ छेदात 35 सेंटिमीटर आलं असेल तर चित्रात ते खोलीभर पसरता कामा नये. मागच्या भिंतीवर वरच्या तोंडातून जाणारा उजेड दाखवायचा तर तोही रेघ ओढूनच. काठ किती धारदार दाखवायचा तेही हौसेवर नाही: पारदर्शक काचेच्या, बारीक तंतूच्या बल्बने वर्तुळाची कड रेखीव पडते, दुधी गोळ्याने ती मऊ होते. असं बांधून घेतलेलं चित्र कमी मोहक दिसतं हे खरं, आणि गिऱ्हाइकाला दाखवताना मोह होतोच. दोन्ही चित्रांशेजारी छेद डकवून दाखवला तर निदान फसवणूक तपासता तरी येते.

या छेदाला शेवटी पूर्ण मापात जावं लागतं. खाकी कागदाच्या मोठ्या तावावर एकास एक प्रमाणात तो काढला की त्याच्यावरच कामट्या ठेवून मापं घेता येतात, होल्डरची उंची खुणावता येते आणि कागद बल्बपासून किती लांब राहतो तेही दिसतं. जुन्या 60 वॅटच्या तंतूच्या बल्बजवळ कागद करपायचा, म्हणून शेड मोठी ठेवावी लागे. साधारण तेवढाच उजेड देणारा 7 ते 9 वॅटचा एलईडी बल्ब बराच कमी तापतो, त्यामुळे शेड लहान करायला मुभा मिळते, फक्त त्याच्या बुडाशी हवा खेळती हवी. आणि बल्ब आणताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा चित्राशी ताडून बघावा. मधाचा रंग आणि उबदार राखाडी वापरून काढलेलं रात्रीचं चित्र 2700 केल्विनच्या बल्बचं असतं. दुकानदाराने सवयीने हातात ठेवलेला 6500चा पांढरा बल्ब लावला तर तोच हातकागद निळसर दिसेल, लाकडाची बैठक फिकी पडेल, आणि मग शेड पुन्हा बांधायची की बल्ब बदलायचा याचं उत्तर चित्र समोर असेल तरच चटकन सुचेल.